राखाडी केळं पिवळं का दिसतं?

जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठात २००६ साली एक प्रयोग झाला. संगणकाच्या पडद्यावर फळांची चित्रं दाखवली आणि समोर बसलेल्या माणसाला रंग कमी-जास्त करायची सोय दिली. काम एकच होतं: केळ्याच्या चित्रातला सगळा रंग काढून ते निव्वळ राखाडी करायचं. माणसं मन लावून रंग काढत गेली आणि ‘झालं राखाडी’ म्हणून थांबली. मोजून पाहिलं तर केळं किंचित निळसर झालेलं होतं. निळा हा पिवळ्याच्या विरुद्ध टोकाचा रंग. म्हणजे केळं खरोखर राखाडी होतं त्या टप्प्यावर त्यांना त्यात अजून पिवळेपणा जाणवत होता, आणि तो घालवण्यासाठी ती निळ्याच्या बाजूला सरकली. केळ्याऐवजी साधी गोल चकती दिली तेव्हा असं झालं नाही.

पडद्यावर पिवळा रंग शिल्लक नव्हता. तो पाहणाऱ्याच्या मेंदूतून आला होता. ‘केळं पिवळं असतं’ ही आयुष्यभराची ओळख त्या क्षणी डोळ्यांतून येणाऱ्या माहितीत मिसळली आणि माणसाला वाटलं, आपण नुसतं पाहतोय. रावेर, यावल, सावदा, फैजपूर, चोपडा या जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या पट्ट्यात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात केळ्याची ही ओळख किती खोल मुरलेली असेल, याचा विचार करून पाहा.

मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या दीडशे वर्षांत जे दाखवून दिलं त्याचं सार या केळ्यात आहे. डोळा प्रकाश गोळा करतो. ‘दिसणं’ हे मेंदूचं काम आहे आणि ते बरंचसं अंदाजावर चालतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच याला नकळत काढलेला निष्कर्ष म्हटलं होतं. हे एकदा समजलं की रेल्वे फाटकावरचे अपघात, लकव्यानंतरच्या तक्रारी, म्हाताऱ्या माणसांना दिसणाऱ्या ‘आकृत्या’ आणि लहान मुलाचा तिरळा डोळा, या सगळ्याकडे आपण फार वेगळ्या तऱ्हेनं बघायला लागतो. मला हा विषय जवळचा वाटतो तो त्यासाठीच. आपल्या घराघरांत याचा उपयोग आहे.

आधी कच्चा माल बघू. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, प्रकाश टिपणाऱ्या दोन तऱ्हेच्या पेशी असतात. दंडपेशी सुमारे १२ कोटी. त्या अंधुक उजेडात काम करतात, पण रंग सांगू शकत नाहीत. शंकुपेशी सुमारे ६० लाख. त्यांना भरपूर उजेड लागतो आणि रंग व बारकावे त्या सांगतात. एवढ्या पेशींची माहिती मेंदूकडे नेणाऱ्या डोळ्याच्या नसेत मात्र तंतू असतात दहा-बारा लाख. म्हणजे माहितीची छाटणी डोळ्यातच सुरू होते. सगळीकडे सारखा उजेड असेल तर त्याबद्दल फारसं काही कळवलं जात नाही. जिथे उजेड-अंधाराची सीमा आहे, काही बदललं आहे, तीच बातमी पुढे जाते.

शिवाय स्पष्ट दिसणारा भाग फार लहान आहे. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. जेमतेम तेवढंच आपल्याला एका वेळी अगदी लख्ख दिसतं. नखावरची नजर न हलवता शेजारच्या वर्तमानपत्राच्या ओळी वाचायचा प्रयत्न करा, जमणार नाही. तरीही आपल्याला अख्खं अंगण एकसारखं स्पष्ट दिसतंय असं वाटतं, कारण डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा इकडून तिकडे उडी मारतात आणि मेंदू त्या तुकड्यांतून एक सलग जग उभं करतो. उडी चालू असताना येणारं पुसट चित्र तो दाबून टाकतो. आरशात आपल्या एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे नजर न्या. स्वतःचे डोळे हलताना तुम्हाला कधीच दिसणार नाहीत, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र दिसतील.

आणखी एक गोष्ट घरी करून बघा. कोऱ्या कागदावर आठ सेंटिमीटर अंतरावर दोन ठळक ठिपके काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्यानं डाव्या ठिपक्याकडे टक लावा आणि कागद हळूहळू जवळ आणा. साधारण ३० सेंटिमीटरवर उजवा ठिपका नाहीसा होतो. जिथून डोळ्याची नस बाहेर पडते त्या जागी प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. मारियोत नावाच्या फ्रेंच माणसानं १६६० च्या दशकात ही जागा शोधली. आता नीट लक्ष द्या: ठिपका जातो तेव्हा तिथे काळं भोक दिसत नाही. कोरा कागद दिसतो. जी माहिती नाही ती मेंदू आजूबाजूचं पाहून भरून काढतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागू देत नाही. मेंदूची ही सवय पुढे एका मोठ्या आजाराच्या संदर्भात आपल्याला गाठणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवा.

आता आपल्या शेतातलं उदाहरण. काळी कपाशीची जमीन तिच्यावर पडणाऱ्या उजेडातला दहाएक टक्के उजेड परत फेकते, कापूस ऐंशी टक्क्यांच्या आसपास. पण दुपारच्या उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप) असतो आणि घराच्या आत, ओसरीच्या मागच्या खोलीत, पाचशेसुद्धा नसतो. हिशेब करा. उन्हातली काळी माती डोळ्याकडे जितका प्रकाश पाठवते, तो खोलीतल्या पांढऱ्याशुभ्र कापसाच्या पंचवीसपट भरतो! दारात उभं राहून आत-बाहेर बघितलं तरी माती काळीच दिसते आणि कापूस पांढराच. मेंदू प्रकाशाचं नुसतं मोजमाप सांगत बसत नाही. ‘इथे ऊन आहे, तिथे सावली आहे’ हे तो आधी गृहीत धरतो, ते वजा करतो आणि मग वस्तूचा रंग ठरवतो. हे काम इतकं सहज होतं की ते होतंय हेच कळत नाही, पण त्याच्याशिवाय शेतातून घरात आलेला प्रत्येक माणूस दारातच गोंधळला असता.

हीच वजाबाकी कधी फसते. दुकानातल्या दिव्याखाली घेतलेली साडी घरी वेगळीच दिसते, ब्लाऊजपीस दुकानात जुळतं आणि उन्हात जुळत नाही. दोन वेगळे रंगद्रव्यांचे धागे एका दिव्याखाली डोळ्याला अगदी सारखे भासू शकतात, दिवा बदलला की फरक उघडा पडतो. आपल्या बायका कापड हातात घेऊन दुकानाच्या दारापर्यंत उन्हात जातात ते शास्त्राला धरून आहे. जळगावच्या सराफ बाजारातही हे करायला हरकत नाही. पिवळसर दिव्यांत सोन्याची झळाळी वाढते, तेव्हा दागिना एकदा दिवसाच्या उजेडात पाहावा.

उजेडाबाबत मेंदूचं आणखी एक ठाम गृहीतक आहे: प्रकाश वरून येतो. चेन्नईत शिकलेले आणि नंतर अमेरिकेत काम केलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या छायांकित वर्तुळांनी हे दाखवलं. वरची बाजू उजळ असेल तर वर्तुळ फुगीर दिसतं, खालची उजळ असेल तर खळगा दिसतो. चिखलात उमटलेल्या बैलाच्या खुरांचा फोटो मोबाईलवर उलटा करून बघा, बहुतेकदा खळग्यांचे उंचवटे झालेले दिसतील. सपाट पृष्ठभागावर छटांनी गोलाई कशी दाखवायची हे अजिंठ्याच्या चित्रकारांना दीड हजार वर्षांपूर्वी नेमकं ठाऊक होतं. नाकाच्या, हनुवटीच्या उंच भागावर त्यांनी दिलेला पांढऱ्या रंगाचा हात तेच करतो.

जळगावहून अजिंठा तासा-दीड तासावर. उन्हातून लेणीत शिरलेली माणसं दोन मिनिटं अंधारात बघतात आणि ‘काही दिसत नाही’ म्हणून पुढच्या लेणीकडे वळतात, हे पाहून फार वाईट वाटतं. शंकुपेशींना अंधाराशी जुळवून घ्यायला पाच ते दहा मिनिटं लागतात, दंडपेशींना वीस ते तीस. लेणीत दहा मिनिटं शांत बसा, मोबाईलचा पडदा बंद ठेवा. भिंतीवरचे चेहरे एकेक करून पुढे येतात.

हे सगळं मेंदूत कुठे घडतं? डोळ्यामागून निघालेल्या नसा वाटेत अर्ध्या एकमेकींना ओलांडतात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणारी डावी बाजू मेंदूच्या उजव्या अर्ध्याकडे जाते आणि उजवी बाजू डाव्याकडे. मधल्या एका ठाण्यावरून माहिती डोक्याच्या मागच्या भागात पोचते. गंमत म्हणजे त्या मधल्या ठाण्यावर डोळ्याकडून येणाऱ्या जोडण्या थोड्या, साधारण दहा टक्केच. बाकीच्या मेंदूच्याच इतर भागांतून, बऱ्याचशा वरून उलट्या दिशेनं येतात. अपेक्षा खाली आणि बातमी वर, अशी दोन्ही वाहतूक सतत चालू असते. राखाडी केळ्यात पिवळा रंग शिरायला वाट आहे ती अशी.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मांजराच्या मेंदूतल्या या मागच्या भागात एकेका पेशीची नोंद घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर ठिपके दाखवून पेशी काही बोलेना. काचेची पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची सावली पडद्यावरून गेली आणि पेशी एकदम तडतडली. तिला ठिपक्यात रस नव्हता. विशिष्ट कोनात झुकलेली रेघ हवी होती. शेजारची पेशी दुसऱ्या कोनाच्या रेघेला उत्तर द्यायची. रेघांपासून पुढे आकार, हालचाल, रंग, चेहरे अशी कामं वेगवेगळ्या भागांत वाटलेली आहेत. या कामासाठी दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं. फोनमधली चेहरा ओळखणारी आणि मधुमेही माणसाच्या रेटिनाचा फोटो तपासणारी संगणकी पद्धतही याच पायऱ्यांच्या कल्पनेवर वाढली. १९८० साली जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी तिचा पहिला आराखडा मांडला.

कामं वाटलेली आहेत हे सर्वांत स्पष्ट कळतं ते एखादं काम बंद पडतं तेव्हा. १९८३ मध्ये म्युनिकच्या डॉक्टरांनी अशा एका बाईची नोंद प्रसिद्ध केली जिला हालचाल दिसत नव्हती. रंग दिसायचे, वस्तू ओळखू यायच्या. पण कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी दिसायची आणि कप कधी भरला ते कळायचं नाही. रस्ता ओलांडताना गाडी आधी लांब असायची, मग एकदम अंगावर. दुसरी एक बाई विषारी वायूनं मेंदूला इजा झाल्यावर समोरची फट उभी आहे की आडवी हे सांगू शकत नव्हती, पण हातात कार्ड देऊन ‘फटीत टाका’ म्हटलं की हात बरोब्बर वळवून टाकायची. ‘हे काय आहे’ आणि ‘याला हात कसा घालायचा’ यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत.

आता रस्त्यावर येऊ, कारण इथे अंदाज चुकला तर जीव जातो. भुसावळ हे मोठं जंक्शन, आणि आपल्या भागात रूळ ओलांडून शेतात, शाळेत, बाजाराला जाणारी माणसं कमी नाहीत. बंद फाटकाखालून दुचाकी तिरपी करून काढणारेही आहेत. त्यांना खात्री असते की गाडी अजून लांब आहे, हळू येतेय. अमेरिकी शास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी १९८५ मध्ये या खात्रीचं कारण मांडलं: मोठी वस्तू त्याच वेगानं आली तरी लहान वस्तूपेक्षा संथ भासते. त्यात समोरून सरळ येणाऱ्या गाडीचा वेग ओळखायला मेंदूकडे तिचं वाढत जाणारं आकारमान हीच मुख्य खूण असते. ताशी १०८ किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला ३० मीटर कापते. एक किलोमीटरवरून अर्ध्या किलोमीटरवर यायला तिला १७ सेकंद लागतात, तेवढ्यात ती डोळ्याला दुप्पट होते. पुढची दुप्पट ८ सेकंदांत, त्यापुढची ४ सेकंदांत. म्हणजे बराच वेळ ती जागीच उभी असल्यासारखी दिसते आणि शेवटच्या क्षणांत फुगत अंगावर येते. इथे सावधपणा, अनुभव, ‘रोजचंच आहे’ यांतलं काही कामाला येत नाही, कारण चूक मेंदूच्या मूळ मोजमापात आहे. फाटक बंद असेल तर थांबणं एवढाच उपाय.

गावच्या फाट्यावरून सुरत-नागपूर महामार्गावर येतानाही तेच. दुचाकी लहान, म्हणून ती आहे त्याहून लांब वाटते. घाईत एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मान फिरवली तर नजरेच्या दोन उड्यांच्या मधली दुचाकी निसटू शकते. दोनदा बघा, आणि प्रत्येक वेळी नजर क्षणभर थांबवा. लक्ष दुसरीकडे असेल तर समोरचंही दिसत नाही, हे १९९९ च्या एका अमेरिकी प्रयोगानं ठसठशीत दाखवलं: चेंडूच्या फेकी मोजायला सांगितलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिलाच्या वेशातला माणूस दिसलाच नाही. कानाला फोन लावून गाडी चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात हे खरं, पण तेवढ्यानं भागत नाही.

रात्री समोरून प्रखर दिवे आले की डोळ्याची अंधाराची तयारी मोडते आणि पुढचे काही क्षण रस्ता जवळजवळ कोरा दिसतो; वय वाढेल तसे हे क्षण लांबतात. त्याच कोऱ्या पट्ट्यात दिव्याविना उभी असलेली कापसाची ट्रॉली किंवा बैलगाडी असते. लाल रिफ्लेक्टरची पट्टी काही रुपयांत मिळते. ती प्रत्येक गाडीच्या मागे असलीच पाहिजे, हे मी जीव तोडून सांगेन.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर रंगांधळेपणाचं बोलून घेऊ. १८७५ साली स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर झाली, आणि त्यानंतर तिथले शरीरक्रियाशास्त्रज्ञ होल्मग्रेन यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून तपासणी सुरू केली. आज ठिपक्यांतून आकडा ओळखायला लावणाऱ्या इशिहारा यांच्या तक्त्या वापरतात. त्या १९१७ पासूनच्या. लाल-हिरव्यात गल्लत होणं हे बहुधा जन्मजात असतं, आईकडून मुलाकडे येतं, म्हणून मुलांत जास्त आणि मुलींत विरळा. लोको पायलटच्या भरतीची दोन-दोन वर्षं तयारी करून, परीक्षा पास होऊन, शेवटी मेडिकलमध्ये हे कळणं फार जिव्हारी लागतं. दहावीतच दहा मिनिटांची ही तपासणी करून घ्या. यावर इलाज नाही आणि रंगीत काचांचे चष्मे तो बरा करत नाहीत, पण वेळेत कळलं तर मुलगा दुसरी वाट निवडतो.

आता त्या नाहीशा झालेल्या ठिपक्याकडे. काचबिंदूत डोळ्याच्या नसेचे तंतू हळूहळू मरतात आणि नजरेच्या क्षेत्राचे तुकडे गळत जातात. माणसाला काळे डाग दिसत नाहीत. मेंदू ती जागा आजूबाजूच्या चित्रानं भरतो आणि सगळं ठीक आहे असंच वाटत राहतं. दुखत नाही, समोरचं वाचता येतं, म्हणून कोणी तपासायला जात नाही. माणूस दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागतो तोवर पुष्कळ नस गेलेली असते आणि ती परत येत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनं नजर परत येते, काचबिंदूत आहे ती फक्त राखता येते. ‘दोन्ही बिंदूच ना’ असं समजून थांबू नका. चाळिशीनंतर डोळ्याचा दाब आणि नसेचं टोक तपासून घ्या, घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच. स्वतःला जाणवण्याची वाट पाहण्यात इथे अर्थ नाही, कारण जाणवू न देणं हेच मेंदू करत असतो.

लकव्यानंतर ‘डाव्या डोळ्यानं दिसत नाही’ ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि घरचे चष्म्याच्या दुकानात नेतात. एकेक डोळा झाकून विचारा. दोन्ही डोळ्यांनी डावीकडचंच दिसत नसेल तर डोळे चांगले आहेत, इजा मेंदूच्या उजव्या बाजूला आहे. काही जणांत याहून अवघड प्रकार होतो: डावी बाजू आहे हेच मेंदू विसरतो. ताटात उजवीकडची शेवभाजी संपते, डावीकडची भाकरी तशीच राहते आणि माणूस म्हणतो, भाकरी वाढलीच नाही. त्याला हट्टी किंवा भ्रमिष्ट म्हणू नका. ताट फिरवून द्या, डाव्या बाजूला बसून बोला, मान डावीकडे वळवून शोधायची सवय लावा; सरावानं यात फरक पडतो. गाडी चालवायला मात्र देऊ नका. आणि नजर अचानक गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर लगेच मोठ्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणखी एक गोष्ट आहे जी आपल्या गावांत कुणी मोकळेपणानं बोलत नाही. नजर बरीच गेलेली आजी संध्याकाळी विचारते, “तठे कोन उभं शे?” अंगणात कोणी नसतं. तिला फेटेवाली माणसं, लहान मुलं, फुलांच्या वेली दिसतात. घरात कुजबुज सुरू होते, कुणी बाहेरची बाधा म्हणतं, भगताला बोलावतात. स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हेच लिहून ठेवलं होतं; आजोबांची नजर गेली होती, बुद्धी शाबूत होती. डोळ्यांकडून बातमी येणं कमी झालं की मेंदूचे चित्र रचणारे भाग स्वतःच कामाला लागतात. ही दृश्यं बोलत नाहीत, आणि समजावून सांगितलं तर बहुतेकांना ती खरी नाहीत हे पटतं. खोलीत उजेड वाढवा, डोळे मिटून उघडायला किंवा नजर इकडेतिकडे फिरवायला सांगा, मोतीबिंदू असेल तर काढून घ्या. आवाजही ऐकू येत असतील, ताप असेल, माणूस बरळत असेल तर कारण वेगळं असू शकतं, डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना आपण वेडे ठरू या भीतीनं हे मनातच ठेवावं लागतं. त्यांना नुसतं ‘असं होतं, डोळ्यांमुळे होतं’ एवढं सांगितलं तरी केवढा धीर येतो.

शेवटी मुलांचं, आणि हेच मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे. ह्यूबेल-वीझेल यांनी मांजराच्या पिलाचा एक डोळा पहिले काही महिने शिवून बंद ठेवला. नंतर उघडला तेव्हा डोळा निरोगी होता, पण मेंदूच्या पेशी त्याला जवळजवळ प्रतिसादच देईनात. त्याची जागा दुसऱ्या डोळ्यानं घेतली होती. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर असं काही झालं नाही. पाहणं मेंदूला शिकावं लागतं आणि शिकण्याचं वय ठरलेलं असतं.

माणसाच्या मुलात हेच ‘आळशी डोळा’ म्हणून दिसतं. शंभरातल्या दोन-तीन मुलांना तो असतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त, किंवा डोळा तिरळा, किंवा पापणी ओघळलेली, किंवा जन्मजात मोतीबिंदू. कारण कुठलंही असो, मेंदू पुसट चित्र पाठवणाऱ्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. मूल तक्रार करत नाही, कारण चांगल्या डोळ्यावर त्याचं सगळं भागतं. तिरळेपणा भाग्याचा असतो, मोठेपणी आपोआप जातो, असं अजूनही सांगितलं जातं. त्या समजुतीपायी एक अख्खा डोळा जातो.

उपाय साधा आहे: योग्य नंबरचा चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, म्हणजे मेंदूला दुसऱ्या डोळ्याकडे लक्ष द्यावंच लागतं. मध्यम दोषात रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकाच गुण देते, असं २००३ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. तेव्हा शाळा सुटल्यावर, गृहपाठ करताना लावली तरी चालते. तास किती ते डॉक्टरांना ठरवू द्या. सातव्या वर्षाच्या आत गुण सर्वांत चांगला येतो. त्यानंतरही काही मुलांत फरक पडतो, म्हणून बारा-चौदाव्या वर्षी कळलं तरी हात टेकू नका.

फार उशीर झालेल्या मुलांनाही काय साधतं हे आपल्याच देशात तपासलं गेलं. १६८८ साली विल्यम मोलिन्यू या आयरिश माणसानं तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना विचारलं होतं: जन्मांध माणसाला दृष्टी आली तर हातानं ओळखीचे असलेले गोळा आणि घन तो नुसतं पाहून ओळखेल का? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’नं उत्तर भारतातल्या जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया घडवून आणल्या. ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवरचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. पट्टी काढल्यावर लगेच विचारलं तर हाताची ओळख डोळ्याला लागू पडत नव्हती. काही दिवसांत ती पडू लागली. ही मुलं आधी सावलीलाही वेगळी वस्तू समजायची, एकमेकांवर आलेल्या आकारांचे तुकडे पाडायची. वस्तू हलवून दाखवली की तिचे तुकडे एक व्हायचे. त्यांची नजर पूर्ण बारीक कधी झाली नाही, पण इतक्या वर्षांच्या अंधारानंतरही मेंदू शिकला.

म्हणून घरी एवढं करा. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा खेळता खेळता एकेक डोळा हातानं झाका. एक डोळा झाकला की चिडत असेल, हात बाजूला सारत असेल आणि दुसरा झाकल्यावर गप्प राहत असेल, तर चिडला त्या वेळी जो डोळा उघडा होता त्यानं त्याला कमी दिसतंय. फ्लॅशच्या फोटोत एका बुबुळात पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात दाखवा. मोतीबिंदू किंवा डोळ्यातली गाठही असू शकते. जन्मजात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच व्हावी लागते, ‘मूल जरा मोठं होऊ दे’ म्हणून थांबायचं नसतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत आणि शाळेत येतात, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शंका वाटली तर धुळे किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्र विभाग आहे. शाळेत घालण्याआधी एकदा, डोळ्यांत थेंब टाकून, दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी झालीच पाहिजे.